आजोबांचे शिसे, नातवाचे खापर

वसुबारसेच्या सकाळची गोष्ट. चकलीची भाजणी मळून तयार होती, कढईत तेल ओतलेले होते, सोऱ्याला तेलाचा हात लागला होता. आणि शेगडी काही केल्या पेटत नव्हती. आमची सौभाग्यवती हातातला लायटर खटाखट दाबत होती. आवाज होत होता, पण ठिणगी पडत नव्हती.

"अहो, निदान काडेपेटी तरी शोधून द्या!" असा हुकूम सुटला. देवघरातली काडेपेटी मी आणून दिली आणि लायटर कचऱ्याच्या डब्याकडे निघाला. तेवढ्यात माझ्या भाच्याने तो वरच्यावर झेलला.

"मामा, टाकू नका. उघडून बघू या."

हा भाचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करतो आणि दोन वर्षांनी दिवाळीला घरी आलेला. पाच मिनिटांत त्याने लायटरची आतडी वर्तमानपत्रावर मांडली. एक स्प्रिंग, एक इवलासा हातोडा, तांब्याची तार, आणि पाटीवरच्या पेन्सिलीच्या तुकड्याएवढे एक करडे खापर. हातोडा खापरावर आदळतो, खापर दबते, त्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि ठिणगी उडते. आमच्या लायटरची तार तुटली होती. खापर ठणठणीत होते.

"या एवढ्याशा तुकड्यात वजनाने साठ टक्क्यांहून जास्त शिसं आहे," भाचा म्हणाला.

बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीवर पेपर वाचत पडलेल्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पेपर खाली ठेवला. त्यांना हल्ली कमी ऐकू येते. पण 'शिसे' हा शब्द त्यांना तीन खोल्यांपलीकडूनही ऐकू येतो.

खिळ्यांचा संसार

अण्णा जुळारी होते. नव्या पिढीला हा शब्द सांगून कळायचा नाही. छापखान्यात शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे, स्टिकमध्ये उलटे जुळवायचे, ओळीला ओळ लावून पान बांधायचे, आणि छपाई झाली की तेच खिळे पुन्हा आपापल्या खणात सोडायचे, हे जुळाऱ्याचे काम. तीस वर्षे त्यांनी ते केले. भाद्रपद लागला की दिवाळी अंकांच्या रात्रपाळ्या सुरू होत आणि अण्णा पहाटे घरी येत. काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली निघाला. तेव्हापासून कित्येक दशके मराठी माणसाची दिवाळी अशी शिशाच्या खिळ्यांवर उभी होती. मी मराठीचा प्राध्यापक झालो तोही त्याच शिशाच्या कमाईवर.

पण शिसे नुसते देत नाही, घेतेही. अण्णा घरी आले की आजी त्यांना आधी मोरीकडे पिटाळी. हात घासून धुतल्याखेरीज ताटावर बसू देत नसे. छापखान्याचे मालक रोज गुळाचा खडा वाटत. गुळाने शिसे उतरते अशी सर्वांची समजूत होती. मालकांचीही तीच, आणि ती स्वस्तातली असल्यामुळे अधिकच दृढ. पुढे अण्णांच्या पोटात कळा येऊ लागल्या, उजव्या मनगटातले बळ गेले. डॉक्टरांनी हिरड्यांकडे पाहिले, धंदा विचारला आणि एवढेच म्हणाले, "खिळे सोडा." खिळे सुटले ते मात्र छापखान्यात ऑफसेट आले तेव्हा. आज ऐंशी ओलांडलेले अण्णा चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात.

तेव्हा त्यांच्या नातवाने लायटरमध्ये शिसे आहे असे सांगताच ते उठून आत आले आणि म्हणाले, "ते अजून गेलं नाही वाटतं?" मग आमच्या स्वयंपाकघरात जी सभा भरली, तिचा हा वृत्तान्त. मी स्वतः शास्त्र शाखेला मॅट्रिकनंतरच रामराम ठोकलेला आहे. त्यामुळे मला जे कळले ते वाचकांना कळायला हरकत नसावी.

दाबले की वीज, वीज दिली की लांबी

१८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्युरी या दोन भावांना आढळले की क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार जमतो. पिएर तेव्हा एकवीस वर्षांचे होते. पुढे पत्नी मारी यांच्यासह रेडियम शोधणारे ते हेच. दुसऱ्याच वर्षी गाब्रिएल लिपमान यांनी गणिताने दाखवून दिले की हा व्यवहार उलटाही झाला पाहिजे: दाबल्याने वीज मिळते, तर वीज दिल्याने स्फटिक लांबला-आखडला पाहिजे. क्युरी बंधूंनी ताबडतोब प्रयोग करून ते खरे असल्याचे सिद्ध केले.

लायटरमध्ये पहिला व्यवहार चालतो. माझ्या भाच्याचे सगळे आयुष्य दुसऱ्या व्यवहाराला वाहिलेले आहे. वीज दिली की खापर किती लांबते, आणि त्या लांबण्याने दुसरी एखादी वस्तू कशी हलवता येईल, हा त्याचा विषय. अशा हलवणाऱ्या यंत्रभागाला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात.

इथे भाषेच्या शिक्षकाने थोडी तक्रार करू द्यावी. मूळ लांबीच्या मानाने वस्तू किती लांबली त्या प्रमाणाला आपल्या पाठ्यपुस्तकांनी 'विकृती' असा शब्द दिला आहे. शब्द शास्त्रशुद्ध असेल. पण 'भाचा काय करतो?' असे विचारणाऱ्या पाहुण्याला 'विकृतीवर संशोधन करतो' असे सांगण्याचा धीर मला होत नाही. दुसरा शब्द 'लोहविद्युत'. या खापरांच्या जातीचे हे नाव. त्यात लोखंडाचा अंश औषधालाही नसतो. लोखंड जसे चुंबकाची दिशा धरून ठेवते, तसे हे पदार्थ विद्युत दिशा धरून ठेवतात, एवढ्या साम्यावरून बारसे झाले. मी आपला 'लांबणे' आणि 'खापर' यांवरच भागवतो.

खापर लांबते कसे? एक चौकोनी खोली डोळ्यांपुढे आणा. आठ कोपऱ्यांत शिशाचा एकेक अणू. चार भिंती, छत आणि जमीन यांच्या बरोबर मध्यावर ऑक्सिजनचा एकेक अणू. आणि खोलीच्या मधोमध टायटेनियमचा एक लहानगा अणू. अशा कोट्यवधी खोल्या भिंतीला भिंत लावून रचल्या की खापर झाले. मधला अणू खरोखरच मधोमध बसला, तर खोली सर्व बाजूंनी सारखी राहते. पण हा अणू अस्वस्थ असतो. तो एखाद्या भिंतीकडे किंचित सरकतो, आणि त्याबरोबर खोलीही त्या दिशेने किंचित लांबते. बेरियम टायटनेट नावाच्या पदार्थात हे लांबणे शंभरात सुमारे एक भाग असते.

आता शेजारशेजारच्या खोल्या एकाच दिशेला कलतात, पण एका आळीचा कल पूर्वेला तर दुसऱ्या आळीचा उत्तरेला. गावाची गोळाबेरीज शून्य. बाहेरून विजेचा जोर लावला की निरनिराळ्या आळ्या आपला कल सोडून एका दिशेला वळू लागतात आणि सबंध खापर त्या दिशेने लांबते. सारे गुपित एवढेच आहे.

शिशाची थोरवी

बेरियम टायटनेटचा गुण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिका, रशिया आणि जपान या तिन्ही देशांत जवळजवळ एकाच वेळी ध्यानात आला. पण सुमारे १२० अंश उष्णतेला त्याचा कल नाहीसा होतो. १९५२ च्या सुमारास जपानी शास्त्रज्ञांनी शिसे, झिर्कोनियम आणि टायटेनियम यांच्या मिश्रणाचा अभ्यास केला, आणि १९५४ साली अमेरिकेत बर्नार्ड जाफे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की झिर्कोनियम व टायटेनियम जवळपास निम्मेनिम्म असले की हे खापर विजेला विलक्षण ओ देते. कारण तेथे दोन निरनिराळ्या रचनांची हद्द असते. आपल्या सीमाभागातला माणूस बघा. तो अर्धे वाक्य मराठीत आणि अर्धे कानडीत सहज बोलून जातो. हद्दीवरच्या खापरालाही एका रचनेतून दुसरीत वळायला कष्ट पडत नाहीत.

शिवाय शिशाच्या अणूच्या बाहेरच्या अंगाला इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. तिच्यामुळे तो स्वतःच ऑक्सिजनकडे झुकतो आणि सबंध खोलीला कलायला मदत करतो. हा त्याचा स्वभावच.

या खापराने गेल्या सत्तर वर्षांत काय केले नाही? सोनोग्राफीच्या यंत्रात पोटातल्या बाळाचा ठाव घेणारा आवाज त्यानेच काढला. डिझेलच्या मोटारींत इंधनाचा फवारा सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडबंद केला. १९८१ साली झुरिकमध्ये बिनिग आणि रोरर यांनी एकेका अणूचे दर्शन घडवणारे सूक्ष्मदर्शक बांधले. त्याची सुई अणूच्या रुंदीहूनही कमी अंतराने सरकवायला असेच विजेने लांबणारे पदार्थ कामी आले. पाच वर्षांनी दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आणि शाई फवारून छापणारे छपाईयंत्र! त्यांतल्या कित्येकांत शाईचा एकेक थेंब कागदावर ढकलणारा पडदा याच शिशाच्या खापराने हलतो. हे ऐकल्यावर अण्णा हसले. "म्हणजे आमचे खिळे दारातून गेले, आणि शिसं खिडकीतून परत छापखान्यात आलं!"

मग अडले कुठे?

वाचकांनी घाबरून लायटर फेकू नये. पक्क्या भाजलेल्या खापरातले शिसे हाताला लागत नाही. भय आहे ते खापराच्या जन्माचे आणि मरणाचे. भट्टीत शिशाच्या भस्माची वाफ होते, आणि मोडलेली यंत्रे उकिरड्यावर जाऊन जळतात-फुटतात तेव्हा शिसे माती-पाण्यात उतरते. लहान मुलांच्या मेंदूची वाढ ते खुंटवते. रक्तात अमुक इतके शिसे असले तर चालेल अशी निर्धोक मर्यादाच ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे पेट्रोलमधून शिसे गेले ते २००० साली. युरोपात २००६ च्या जुलैपासून विजेच्या उपकरणांत शिसे वापरण्यास कायद्याने बंदी झाली. पण या खापरांना मात्र सूट द्यावी लागली, आणि ती पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. कारण एकच. त्यांच्या तोडीचा बदली गडी मिळेना.

शंभरात दोन भाग मोहन

बदली गडी शोधताना शास्त्रज्ञांनी शिशाचा सख्खा शेजारी गाठला. मूलद्रव्यांच्या यादीत शिसे ८२ व्या घरात, तर ८३ व्या घरात बिस्मथ. त्याच्याही अंगाला तशीच इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी, पण विषारीपणा त्या मानाने फारच कमी. पोटाच्या औषधांतसुद्धा बिस्मथ असते. अडचण एवढीच की शिसे आपल्या जागी दोन एककांचा विद्युतभार घेऊन बसते, आणि बिस्मथचा भार तीन. मग हिशेब कसा जुळवायचा? निम्म्या कोपऱ्यांत तीनचा बिस्मथ बसवायचा आणि निम्म्यांत एकाचा सोडियम. सरासरी दोन! लेनिनग्राडमध्ये स्मोलेन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० सालीच हे खापर बनवले होते. १९९१ साली जपानात ताकेनाका यांनी दाखवले की त्यात सुमारे सहा टक्के बेरियम टायटनेट मिसळले की तेही दोन रचनांच्या हद्दीवर येते.

तरी लांबण्याचे कोडे सुटले नव्हते. ते कोडे मी माझ्या पद्धतीने सांगतो. कॉलेजात एन. सी. सी.ची तुकडी मैदानावर पांगलेली आहे. 'सावधान' अशी आज्ञा होते, आणि पांगलेली पोरे झटकन एका रांगेत उभी राहतात. या धावपळीत तुकडीचा आकार केवढा बदलला! पण समजा पोरे फारच आज्ञाधारक निघाली. 'विश्राम' म्हटल्यावरही ती रांग मोडेनात. मग दुसऱ्यांदा 'सावधान' म्हणून काय होणार? रांग आधीच झालेली, हालचाल नाममात्र. नेहमीच्या लोहविद्युत खापराचे असेच होते. पहिल्यांदा वीज दिली की ते चांगले लांबते, पण वीज काढली तरी लांबलेलेच राहते. त्यापुढे हाती येते ती उरलीसुरली लांबी. यंत्र हलवायला लांबणे पुरत नाही. परत येणेही तितकेच लागते.

२००७ साली जर्मनीत, दार्मश्टाट येथील तांत्रिक विद्यापीठातल्या युर्गन रोडेल यांच्या चमूने एक वेगळाच प्रयोग प्रसिद्ध केला. बिस्मथचे खापर शंभरात ९२ भाग, बेरियम टायटनेट ६ भाग, आणि पोटॅशियम-सोडियम नायोबेट नावाचा तिसरा पदार्थ अवघे २ भाग. या दोन भागांनी खापराची शिस्तच बिघडवली. वीज नसताना आळ्या अशा बारीक तुटल्या की कुणाचाच कल ठरेना. म्हणजे तुकडी आता स्वभावतःच पांगलेली. वीज दिली की सारी शिस्तीत उभी राहते आणि खापर लांबते. वीज काढली की तुकडी पुन्हा पांगते आणि खापर आपल्या मूळ लांबीवर येते. प्रत्येक आज्ञेला पुरी धावपळ! नेमके आत काय घडते यावर पुढे काही वर्षे खल झाला, पण लांबण्याचा आकडा पक्का होता: शंभरात ०.४५ भाग. शिशाचे खापर एरव्ही ०.१ ते ०.२ भाग लांबते.

"म्हणजे बेशिस्त कामी आली म्हण की!" अण्णा म्हणाले.

"बेशिस्त नाही, आजोबा. बोलावल्यावर येणारी आणि सोडल्यावर जाणारी शिस्त."

आमची सौभाग्यवती चकल्या तळता तळता हे ऐकत होती. "हे सगळं बनवतात कसं रे?" तिने विचारले. भाच्याने जी कृती सांगितली ती ऐकून ती म्हणाली, "मग ही भाजणीच की!" आणि खरोखरच ती भाजणी आहे. पुडी मोजून घ्यायच्या, एकत्र दळायच्या, भाजायच्या, पुन्हा दळायच्या, वड्या थापायच्या आणि अकराशे अंशांच्या वर भट्टीत भाजायच्या. बिस्मथ आणि सोडियम तापले की उडून जाऊ पाहतात, म्हणून वडी त्याच मिश्रणाच्या भुकटीत पुरून भाजतात. आणि तो तिसरा पदार्थ म्हणजे मोहन. कमी पडले तर चकली कडक, म्हणजे तुकडी रांग सोडत नाही. जास्त झाले तर चकली विरते, म्हणजे आज्ञा देऊनही रांग धड होत नाही. दोन भागांवर सारे अवलंबून.

हातचे राखून

भाच्याने एक गोष्ट मला बजावली आहे, "मामा, लेखात जिंकलो असं लिहू नका." म्हणून उणे बाजूही मांडतो. ही ०.४५ ची करामत घडवायला एका मिलिमीटर जाडीला आठ हजार व्होल्ट लागतात. ठिणगी उडू नये म्हणून चाचणीच्या वेळी वडी तेलात बुडवून ठेवावी लागते. आपल्या घरात वीज येते ती २३० व्होल्टची. यावर उपाय म्हणजे चिरोट्यासारखे पातळ पदर करून त्यांत धातूचे थर घालायचे. पदर पातळ झाला की व्होल्टही कमी पुरतात. पण पांगणे आणि रांग धरणे यांत प्रत्येक खेपेस थोडी शक्ती वाया जाते, ती उष्णतेच्या रूपाने निघते, आणि खापर तापले की त्याचा स्वभाव बदलतो. शिवाय एक मिलिमीटर जाडीची वडी लांबते ती साडेचार मायक्रॉन, आपल्या केसाच्या जाडीच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्शाइतकी. एवढ्याशा हालचालीत रोजच्या रोज, लाखो वेळा तोच नेमकेपणा टिकवायचा आहे.

दुसऱ्या वाटाही चालू आहेत. २००४ साली जपानात टोयोटा समूहाच्या संशोधकांनी पोटॅशियम-सोडियम नायोबेटचे कण एका दिशेने लावून शिशाच्या जवळ जाणारे खापर घडवले होते. एकच खापर सगळीकडे चालेल असे मात्र दिसत नाही. शिसे एकटे शंभर कामे करी; त्याच्या जागी कामागणिक वेगळा गडी ठेवावा लागेल असे भाच्याला वाटते.

बोलता बोलता त्याने पाकिटातून एक वडी काढली. फिकट पिवळसर, चार आण्याच्या जुन्या नाण्याएवढी, दोन्ही बाजूंना चांदीचा मुलामा. त्याने स्वतः भाजलेली. ती त्याने आजोबांच्या तळहातावर ठेवली.

अण्णांनी तीस वर्षे शिसे हातात खेळवले आहे. त्यांना तराजू लागत नाही. त्यांनी वडी डाव्या हातावर दोनदा वर-खाली झुलवली. "हलकी आहे," ते म्हणाले. "शिसं नाही यात."

"नाही, आजोबा."

"आणि ही बनवणाऱ्या माणसांना गुळाचा खडा द्यावा लागणार नाही?"

"नाही. तोंडाला फडकं बांधावं लागतं, भुकटी नाकात जाऊ नये म्हणून. पण गूळ नको."

अण्णा बराच वेळ वडीकडे पाहत राहिले. मग उजव्या हाताने ती परत द्यायला गेले, पण मनगट डुगडुगले आणि वडी फरशीवर पडून दुभंगली. क्षणभर कोणीच बोलेना. भाच्याने तुकडे उचलले आणि म्हणाला, "असू दे, आजोबा. अजून बारा आहेत. आणि तेराव्याचं खापर कोणावरच फोडायचं नाही."

संध्याकाळी मी नवा लायटर आणला. त्यातही शिसेच आहे. बाजारात दुसरा कुठला मिळणार? जुन्या लायटरमधला तो करडा तुकडा आम्ही कचऱ्यात टाकलेला नाही. विजेच्या उपकरणांचा कचरा वेगळा गोळा करणारे लोक आता शहरोशहरी आहेत. दिवाळीची साफसफाई करताना वाचकांनीही बिघडलेली यंत्रे भंगारात न घालता त्यांच्या हवाली करावीत. आमचा तुकडा सध्या अण्णांच्या टेबलावर एका डबीत आहे. त्या डबीत त्यांनी जपून ठेवलेला एक जुना खिळा आहे, 'श्री' अक्षराचा. आणि शेजारी दुभंगलेल्या वडीचे दोन तुकडे.

चकल्या, वाचकहो, यंदा उत्तम झाल्या. मोहन बेताचे पडले होते.